जे आधी येईल ते

पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिलंय:
दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष,
जे आधी येईल ते.

किलोमीटर कधीच आधी आले नाहीत.
आठ वर्षांत सहा हजार एकशे दोन.
यंदाचे सहाशे चाळीस, त्यातले दोनशे ऐंशी
देवगडहून कोल्हापूरला सर्व्हिसिंगला जाऊन यायचे.
म्हणजे ही गाडी मुख्यतः
तिच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी चालते.
शेजारचे मुणगेकर हे सांगून हसले. मीही हसले.

दोन सीट, दुमडणारं छप्पर, रंग बांगड्याच्या पाठीचा.
एक्कावन्नाव्या वर्षी घेतली, कुणाला न विचारता.
जामसंड्याचा गतिरोधक तिचं पोट खरवडतो,
म्हणून तिरकी घालते, हळू,
घाबरट पेशंटच्या तोंडात आरसा घालावा तशी.

रविवारी पहाटे, मासळीचे टेम्पो सुटायच्या आत,
तारामुंबरीचा पूल ओलांडून मिठमुंबरी,
कुणकेश्वरापर्यंत, आणि परत.
पहिला ब्रेक खर्रर्र करतो:
रात्रीत डिस्कवर चढलेला खारा गंज पुसला जातो.
दुसऱ्या ब्रेकला ती गप्प.
हा आवाज मला आवडतो,
हे मी युनूसला सांगितलेलं नाही.

युनूस सारंग बंदरावर ट्रॉलरची इंजिनं उघडतो.
त्याने डिपस्टिक काढली, तेल बोटांत चोळलं, वास घेतला.
"काळा झाला नाय. पण म्हातारा झाला."
मी म्हटलं, गाडी तर उभीच असते.
"उभी ऱ्हवता म्हणानच.
होडी सुकी ठेवलात तर फाटता,
पाण्यात ठेवलात तर कुजता.
मगे ठेवतलात खंय?"

टायरची नक्षी कोरी, रबर मात्र नखाला दाद देत नाही.
बॅटरी नवव्या दिवशी मान टाकते.
बॉनेटखाली उंदरीण बाळंतपण उरकून गेलेली,
सीटचा फोम अंथरून.

पंचवीस वर्षं मी प्रत्येकाला सांगतेय,
दर सहा महिन्यांनी या, दुखत नसलं तरी.
माना डोलावतात. येतात ते
रात्रभर लवंग चावून, गाल धरून,
चप्पल काढतानाच तोंड उघडून.
नंदा कुबल सात वर्षांनी आली, म्हणाली,
"दुखत नव्हता, मग कित्याक येव?"
तिला रागावले.
घरी येऊन हिशेब मांडला:
तेल, फिल्टर, मजुरी, पेट्रोल, एक बुडालेला शनिवार.
म्हटलं, एक वर्ष सोडू या. दुखत तर नाहीये.
वाक्य तोंडातून निघालं
आणि जीभ आपोआप दाढेवरून फिरली.

तर वहीत लिहिलं असं:
ब्रेकचं तेल दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढतं,
आणि इथली हवा म्हणजे अर्धं पाणीच.
इंजिनचं तेल दर वर्षी, युनूसच्या हातून,
आंब्याच्या पेट्यांनी रस्ता भरायच्या आधी.
टायर, बघू.
(बघू हा माझ्या पेशंटांचा शब्द.)
कोल्हापूर रद्द.

पेन तिथेच थांबलं.
फोंडा घाट.
वर्षातून त्या एकाच दिवशी
इंजिन पुरतं तापतं,
वळणावर सुई चार हजारांच्या वर चढते,
आणि तीन तास कुणी मला
डॉक्टर म्हणत नाही.

फोन लावला.
काय प्रॉब्लेम आहे, मॅडम?
काही नाही.
आवाज? गळती? लाल दिवा लागतोय?
काही नाही. वर्ष झालं.
रनिंग सांगा.
सहा हजार एकशे दोन.
पलीकडची बटणं वाजायची थांबली.
"मॅडम, मीटर चालू आहे ना?"