पांढरी फुल्ली

मावशीने विचारलं, नक्की काय शिकतेस गं तू?
इव्हेंट मॅनेजमेंट.
म्हणजे मांडववाले?
हो, म्हटलं, आणि पोह्यांची बशी उचलून मोरीत ठेवली.
कर्वे रोडवर तिसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान,
वर्षाची फी एवढी
की तेवढ्यात खरोखरच्या मांडवाचे वासे आले असते,
वर कनातही.

पहिल्या सत्रात आम्ही खुर्च्या मोजायला शिकलो.
हसू नका.
साडेतीनशे खुर्च्या म्हणजे साडेतीनशे माणसं नव्हेत,
पुण्यात तर नव्हेतच.
पहिल्या दोन रांगा निमंत्रितांच्या, ते येत नाहीत.
तिसऱ्या रांगेत रुमाल, छत्री, औषधांची पिशवी,
आणि चारही खुर्च्यांवर हात पसरून बसलेले एक काका:
"इथे आहेत."

डिसेंबरात एरंडवण्यात गाण्याच्या महोत्सवाला पाठवलं.
बिनपगारी.
गळ्यातल्या ओळखपत्रावर ऋजुताची रजिता झालेली.
शिडीवरून बबनराव भेगडे ओरडले,
ए रजिता, तिथे बैस जरा,
बाईंची उंची तुझ्याएवढीच आहे.

चिकटपट्टीची पांढरी फुल्ली होती, तिच्यावर बसले.
तानपुऱ्याच्या जागी माझी सॅक.
हनुवटी वर. नको, खाली. हां, आता श्वास घे पण हलू नको.
दोन तास मी एक चेहरा होते, दुसऱ्या कुणाचा.
पिवळा उजेड कपाळावर आला, गेला, कानामागे ठरला.
समोर साडेतीनशे रिकाम्या खुर्च्या
आणि झाडणाऱ्या सरूबाई.
त्यांनी केरसुणी टेकवली, बघत राहिल्या.
इतका वेळ बघत राहिल्या
की मला वाटलं, आता गावं लागणार.
बबनरावांनी वहीत लिहिलं:
बाई, चार नंबर, साठ टक्के.

रात्री बाई आल्या, मंचाला हात लावून तो कपाळी नेला
आणि फुल्लीच्या वीतभर डावीकडे बसल्या.

वीतभर.
अर्धा चेहरा काळोखात.
माझ्या चौदा पानी वेळापत्रकात सगळं होतं:
आठ पंचवीसला बिनसाखरेचा चहा,
जनरेटरवाल्याचा दुसरा नंबर,
हारातली टाचणी आधी काढून ठेवणे.
वीतभर डावीकडे नव्हतं.

वॉकीटॉकीत म्हटलं, बबनराव.
दिसतंय, ते म्हणाले.
मग उजेड सरकला.
षड्ज लागता लागता, इतका हळू
की मागे तानपुरा धरलेल्या मुलीनेही वर पाहिलं नाही.
विंगेत उभी होते मी,
तरी कपाळावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं,
चार नंबर, साठ टक्के,
आणि ते तिकडे बाईंच्या कपाळावर जाऊन बसलं.

कुणाला काही कळलं नाही.
मध्यंतरात एक गृहस्थ मला शोधत आले,
तावातावाने.
वडा गार होता.

बाराला खुर्च्या दहा-दहाच्या चळतीत रचल्या.
मंच घेतला तसा परत द्यायचा, हा नियम,
म्हणून फुल्ली नखाने सोलायला बसले.
एक पट्टी निघाली, दुसरी तुटत तुटत अर्धी.
बबनराव वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून थांबले.
वाटलं, आता काहीतरी म्हणतील, तीस वर्षांचं.
म्हणाले,
उद्या स्वेटर आण, तिथे एसीचा झोत येतो,
तू काकडतेस आणि मला सावली हललेली दिसते.

मेमध्ये पेपरात पाचवा प्रश्न:
कार्यक्रम यशस्वी झाला हे कसे मोजाल? गुण दहा.
लिहिलं. उपस्थिती, प्रायोजकांचं समाधान,
प्रेक्षकांनी भरून दिलेले अर्ज.
अधोरेखित केलं, पट्टीने.
वीस मिनिटं उरली.
पंखा किरकिरत होता, खाली झेरॉक्सचं यंत्र.
मी उत्तरपत्रिकेवर पंजा पसरला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
समासासकट अख्खं पान त्यात बसलं.

पुरवणी हवी का, पर्यवेक्षकांनी विचारलं.
नको, म्हटलं.
हात तसाच होता.