दोन बोटं माया

बूट घालूनच उभा राहा, लेमुएल,
कोर्टात घालणार आहेस तेच.
अनवाणी माणसाच्या विजारीचं माप
खोटी साक्ष देतं.

बाहेरचा बर्फ बघू नकोस, समोर बघ.
खांदे सोड.
न्यायाधीशापुढे उभा राहशील तसा नको,
आईपुढे राहतोस तसा.
काचेच्या कारखान्यात रात्रपाळी करायची ती.
तिचा निळा डगला मीच दोनदा रफू केलाय,
टोलेडोतल्या अर्ध्या बायकांचे केलेत;
धुऊनही बाहीला भट्टीचा वास यायचा.

तर पहिला सूट गडद निळा.
काळा मागू नकोस.
काळा वेटरचा, वाजंत्र्याचा,
शवपेटीमागून चालणाऱ्याचा.
सव्विशीतल्या वकिलानं घातला
तर अशील आधीच गेल्यासारखं वाटतं.
दुसरा करडा, विझलेल्या कोळशाचा.
तिसरा पगार वाढल्यावर.
सरकारी बचाव वकिलाला किती मिळतात
ते तू सांगितलंस
तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली होती.

रेघा नकोत. खिशातून डोकावणारा रुमाल नको.
बटणं दोन, खालचं कधी लावायचं नाही;
का, ते सासऱ्यांनी मला सांगितलं नाही,
त्यांना बुडापेस्टमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.
शर्ट पाच, पांढरे.
टाय दोन, आणखी एक गाडीत,
सूपचा भरवसा नसतो.
कपडा असा हवा की ज्यूरीतल्या बाईला
रात्री भांडी घासताना आठवू नये
तू काय घातलं होतंस.
आठवावं ते काय बोललास.

हे बोलायला सोपं आहे.
तुझ्याकडे लोक आधी बघतात, मग ऐकतात,
ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.
तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून मी गप्प राहिले असं समज.

आणि हे बघ, आतून.
प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया सोडलीय.
दुकानातल्या तयार कपड्यात सोडत नाहीत,
कापड वाचवतात.
तू सुटशील, सगळेच सुटतात,
लग्न झालं की आणखी.
तेव्हा घेऊन ये, उसवू.

*

मार्चमध्येच आलास.
अंगात करडा, हातावर निळा.
मला वाटलं, एवढ्यात?
पण तू तर वाळला होतास.

‘मिसेस हलास, विजार दीड इंच खाली,
पाठ मोकळी, बाह्या लांब.
सोमवारी खटला आहे.’
पोरगा एकोणीस वर्षांचा, सहा फूट तीन.
जामिनाला पैसे नव्हते म्हणून सात महिने आत.
अंगावर तुरुंगाचे नारिंगी कपडे, बाकी काही नाही.
ऑफिसच्या कपाटातले जुने कोट
त्याच्या कोपरापाशी संपतात.
टेप आत नेऊ दिली नाही
म्हणून तू गळ्यातला टाय काढून त्याला मोजलंस.
रेशमावर बॉलपेनच्या खुणा,
छाती, कंबर, घोटा.

पहिल्या सूटचे तीन हप्ते अजून वहीत आहेत, म्हणाले.
आणि तो टाय आता गेलाच.
तू म्हणालास, हो.

रात्री उसवायला बसले.
स्वतःचीच टीप उसवायची म्हणजे
चिडायलासुद्धा कुणी नसतं.
बाह्या झाल्या. पाठ झाली.
खांद्याला हात लावला नाही,
खांदे ज्याचे त्याला.
विजारीची सगळी माया खाली आली,
आता आत दुमडायलाही उरलं नाही,
अस्तराची पट्टी जोडलीय.

फक्त जुन्या दुमडीची रेघ जात नाही.
व्हिनेगर लावलं, ओला फडका, तीनदा इस्त्री.
घोट्याच्या वर आहे अजून.
बारा जणांत एखादी तरी असेल
आयुष्यभर शिवण केलेली,
तिला दिसेल.
त्याला सांग,
बसताना पाय टेबलाखाली ठेव.