काळी तीन

आमचं आडनाव सप्टेंबर.
खापरपणजोबांच्याही आधी कुणालातरी जहाजातून उतरवलं,
तेव्हा कारकुनाने कॅलेंडर बघून लिहिलं.
केपटाउनात फेब्रुवारी आहेत, एप्रिल आहेत, ऑक्टोबरही;
पण पोस्टरवर ठळक अक्षरांत फक्त आम्ही:
बाबा, पियानो. ॲटीकाका, ट्रम्पेट.
थोरला लेस्टर, ड्रम्स.
आणि छपाईवाल्याकडे जागा उरलीच तर
खाली कोपऱ्यात, डेलिया.

डोंगराखालचं घर सरकारने पाडलं
तेव्हा पियानो मासळीच्या गाडीवरून
वाळूतल्या या दोन खोल्यांत आला.
वाटेत कुठंतरी त्याची काळी तीन मुकी झाली.
बाबांनी दुरुस्त केली नाही.
पैसे नव्हते, हे एक.
दुसरं कारण ते कधी बोलले नाहीत.
बोट तिथे पोचायचं, पट्टी खाली जायची,
लाकडावर लाकूड. ठक्.

मी पियानोखाली झोपायचे. दुसरी जागाच नव्हती.
वर सूर लावणं चाललेलं, खाली माझे पाढे:
सात सक बेचाळीस, ठक्.
एका रात्री म्हणे झोपेतच मी तो सूर भरला.
बाबा थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा भरला.
मग पाहुणे आले की मला उठवायचे,
"ही बघा आमची काळी तीन."
मी गाऊन दाखवायचे. बिस्किट मिळायचं.

लोक म्हणतात, एवढं मोठं घराणं,
दुधाबरोबरच गाणं मिळालं असेल.
दूध पावडरचं होतं.
गाणं मिळालं ते सांडलवंड:
पुढचे दोन दात गेल्यावर काकांची निसटणारी फुंकर,
शुक्रवारी स्नुक विकायला येणाऱ्याचं
समुद्री शेवाळाचं शिंग,
आणि आई.

आईचं नाव कुठल्याच पोस्टरवर नाही.
ती सॉल्ट रिव्हरच्या कारखान्यात कॉलर शिवायची,
उरलेल्या कॉलर घरी आणायची.
ओठांत टाचण्या. बोलता यायचं नाही,
गुणगुणता यायचं.
मिटल्या ओठांमागे काय चाललंय
ते त्या गदारोळात कुणाला ऐकू जाणार?
मी खाली होते. मला तिचं पाऊल दिसायचं,
शिलाई मशीनच्या पायट्यावर,
लेस्टरच्या ठेक्याच्या किंचित मागे.
चुकून नव्हे. मुद्दाम मागे.

पहिल्यांदा एकटी गायले
तेव्हा निवेदकाने आधी त्या तिघांची नावं घेतली.
टाळ्या पडल्या. मी तोंडही उघडलं नव्हतं.
उसने दागिने घालून लग्नाला जावं तशी उभी राहिले.
पियानो भाड्याचा, उत्तम, सगळ्या पट्ट्या बोलणारा.
त्यात माझ्यासाठी कुठे रिकामी जागाच नव्हती.
दोन ओळी वाया गेल्या.
मग मी ओठ मिटले,
जिभेशी टाचणी असल्यासारखे, जपून,
आणि आत जे चाललं होतं ते तसंच येऊ दिलं,
ठेक्याच्या मागे, रेंगाळत.
शब्द नंतर आले. आले ते टोचत आले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, हे कुठून उचललंस?
कौतुक होतं, थोडी झडतीही:
कुणाची रेकॉर्ड, कुठल्या देशाची.
आई कॉलर उलटी करत होती.
मी तिच्याकडे बोट दाखवलं.
तिने मान वर केली, तोंडात सात-आठ टाचण्या,
आणि छे छे असा हात हलवला.

बाबांनी पियानोचं झाकण उघडलं.
काय वाजवावं सुचेना, म्हणून
काळी तीन दाबली.
बराच वेळ बोट उचललं नाही.