केरसुणी

चिंचोली, शेड नंबर अकरा.
एप्रिलचा पत्रा हात लावू देत नाही.
"बारा अंशांवरच हे मेथेनॉल पेटायला तयार," इराप्पा म्हणाले,
"आणि सोलापुरात बारा अंश
जानेवारीच्या एखाद्या पहाटे, तेही नशिबात असलं तर."

माझा शर्ट टेरिकॉटचा.
त्यांनी दारातूनच परत धाडलं: सुती घालून ये.
बाप मागावर बसायचा ना तुझा?

मग ड्रमला तार, तारेला जमीन.
चिमटा रंगावर नाही,
खरवडलेल्या पत्र्यावर.
आधी तार. झाकण नंतर.

"पेटलं तर दिसेलच की," मी.

दिसत नाही.
उन्हात ह्याचा जाळ दिसत नाही,
धूर नाही, रंग नाही,
अक्कलकोट रोडवर दुपारी हवा थरथरते ना
तेवढंच.
त्यांच्या डाव्या हाताला केस नाहीत.
रिकाम्या हवेत घातला होता म्हणे.

म्हणून दाराशी केरसुणी.
शंका आली की पुढं धरून चालायचं,
पावलापावलानं.
ती पेटली, तिथं जाळ.

"आई दिवाळीत हिला हळदकुंकू वाहते," मी म्हणालो.

इराप्पा पाठमोरे, ड्रम मोजत होते.
"वाहू दे.
इथली ओली होऊ देऊ नकोस.
वाळकीच लागते."