दशपर्णी

कण्हेर रिंग रोडच्या दुभाजकावरून तोडली,
पहाटे पाचला, मानेवाड्याकडून ट्रक येत होते.
रुई नाल्याकाठची. धोत्रा उकिरड्यावरचा.
सीताफळाची पानं उरकुडेबाईंनी दिली,
"कायले करून राहिली एवढं?
पावडर आन न दुकानातून."
निंब, करंज, एरंड, निर्गुडी, घाणेरी.
मोजली, तर नऊ.
दहावं पपईचं, घरचंच.

निळा ड्रम, गोमूत्र, शेण, चाळीस दिवस.
डावीकडून उजवीकडे ढवळायचं,
का, ते सांगणाऱ्यानं सांगितलं नाही.
लीलाधर ताट घेऊन पुढच्या खोलीत जातो.
कणीक मळायच्या आधी मी पाचदा हात धुते,
तरी पोळी कडू.
किंवा मलाच तशी लागते.

गच्चीवर ड्रममध्ये लावलेलं संत्र्याचं एकच झाड,
त्यावर मुंग्यांची रांग.
त्या पानं खात नाहीत. मावा पाळतात,
शेळ्या पाळाव्या तसा.
मिशीनं पाठ थोपटतात, थेंबभर गोड काढतात,
आणि कोवळं पान द्रोणासारखं मिटत जातं.

तेजलचा फोन आला ब्राझीलहून,
तिकडे मध्यरात्र उलटलेली.
"मामी, इथल्या मुंग्या पान कापून नेतात, डोक्यावर धरून.
त्याही खात नाहीत.
जमिनीखाली पानांवर बुरशी पिकवतात, ती खातात."
"मग विष कोणाला देता?"
"बुरशीला. एरंडाचं, तिळाचं पान.
मुंगी ते बिनघोर नेते. बुरशी आजारी पडते.
पुढे कित्येक आठवडे त्या पानाला कुणी शिवत नाही."
"त्यांना सांगतं कोण?"
फोनमध्ये खरखर.
"बुरशीच सांगते, मामी. कशी, ते शोधतेय."

आमच्या घरी ढेमसं शिजत नाहीत.
मधल्या दिराला एकदा बाधली होती, तो सहा वर्षांचा असताना.
तो आता बावन्नचा, भिलाईत असतो.
मी या घरात आले तेव्हा
मला कुणी सांगितलं नव्हतं.
भाजीवाल्यापाशी हात आपोआप पुढे सरकला,
दोडक्याकडे.

चाळिसाव्या दिवशी जुन्या धोतरातून गाळलं,
पंपात भरलं, नाकाला पदर बांधला.
मावा गळाला. रांग विस्कटली,
थोडा वेळ कुंडीभोवती गोल गोल फिरली.

सकाळी पाहते तर कपड्यांच्या तारेवरून
एकामागे एक,
माझ्या ओल्या परकराला वळसा घालून
उरकुडेबाईंच्या लिंबाकडे.

दुपारी बाई कठड्यावरून वाकल्या.
हातात रिकामी बाटली.
"उरलं असंन न थोडं?"