गेरूचा डाग

मालक आज पुन्हा रंगून आलेत.
डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका पट्टा,
ओल्या गेरूचा.
"मानिया, उद्यापर्यंत निघाला पाहिजे,"
आणि टोपली पुढे सरकवली : कोपाइसच्या तळ्यातल्या
दोन वामा, अजून वळवळणाऱ्या.

म्हणजे मासळीबाजारात घासाघीस करत राहिले असणार.
वर टेकडीवर सभा भरलेली
आणि खाली दोन सिथियन शिपाई
(तेही माझ्यासारखे विकत घेतलेले)
रंगवलेल्या दोरीची टोकं धरून चौक झाडत निघालेले.
दोरी ज्याला लागली त्याला दंड.
तीन ओबोल बुडाले, वर हसं झालं.
राज्य करायला माणसाला
असं गुरासारखं हाकत न्यावं लागतं,
हे आमच्याकडे कुणाला खरं वाटलं नसतं.

मानिया हे नावही इथलंच. फ्रिगियाच्या बायकांचं म्हणे.
मी फ्रिगिया पाहिलेलं नाही.

गेरू हट्टी. नुसत्या पाण्यानं पसरतो.
आधी शिळं मूत, मग राख,
मग किमोलोसची पांढरी माती घालून पायानं तुडवायचं.
त्या मातीशी मी जरा थांबते.
किमोलोस आमच्या अंगणातून दिसायचं.
मधे एवढीशी खाडी;
आई म्हणायची, इकडे कोंबडा आरवला
की तिकडचा उत्तर देतो.

आमचं गाव यांनी हात वर करून संपवलं.
आधी हात, मग तलवारी.
पुरुष एका बाजूला, बायकापोरं दुसऱ्या.
भाऊ तेरा वर्षांचा होता.
ओठावरची लव पाहून त्याला तिकडे ढकलला.

एका हिवाळ्यात, पाणी कमी घातलेली दारू चढल्यावर,
मालक आपणहून बोलले :
"त्या दिवशी मी नव्हतो गं. म्हणजे होतो, पण उशिरा.
दोरी लागली. वर पोचलो
तोवर हात खाली आले होते."
वेळेवर पोचला असतात तर? मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
दिव्याची वात पुढे सारली, उगाच.
ते उपरणं आता चूल पुसायला आहे.
काठाची तपकिरी रेघ
माझ्या आधीच्या बाईच्यानं निघाली नाही,
माझ्याच्यानंही नाही.

"आज काय ठरलं?"
वाम वाढताना मी विचारलं.
"कुठल्याशा बेटाचं काहीतरी.
मागे बसलो होतो, नीट ऐकू आलं नाही."
आणि काटे काढत राहिले,
एकेक, ताटाच्या कडेला, फार काळजीनं.

रात्रभर तुडवलं. पहाटे वाळत घातलं.
स्वच्छ निघालं; उन्हात धरलं तरी कुणाला कळणार नाही.
माझ्या टाचा मात्र लालभडक.
पाण्याला जाताना
कोपऱ्यावरच्या सिथियनानं आधी त्या पाहिल्या,
मग माझ्याकडे,
आणि आपले दोन्ही तळहात
उघडून दाखवले.