ओघळ

लुमाण्णा पेंटरच्या पाट्यांचे
नऊशे फोटो काढले मी, सुट्टीच्या दिवशी सायकल मारत,
खानापूर, नंदगड, हलशीपर्यंत.
पिठाची गिरणी, दूध डेअरी, चप्पल दुरुस्ती.
वर कानडी, खाली मराठी.
काही पाट्यांवर खालच्या ओळीला डांबर.

सगळं मशीनला शिकायला घातलं. डांबरसुद्धा.

परवा त्यानं आपणहून एक अक्षर काढलं :
ळ.
पण शिरोरेघेच्या जागी कानडी तलकट्टू
आणि बुडाला रंगाचा ओघळ.

म्हटलं, चुकलंय, पुसतो.
लुमाण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"वगळ माझाच की रे. हात कापाय लागला तवापासनं.
पण डोक्यावरचं हे..."
चहावर साय धरली तरी बघत होते.
"हे मला सुचाय पायजे होतं."

मग पत्रा घेतला, ब्रश टर्पेंटाइनात बुचकळला.
तीनदा बिघडलं.
चौथ्यांदा ओघळ निघाला तसा
करंगळीनं वळवून
त्याचाच ऊकार केला.
हे मशीनला ठाऊक नव्हतं.
मी फोन काढला.

"थांब," म्हणाले,
"आधी वाळू दे."